पोहणे सुधारायचे आहे: सोसायटीचा तलाव, सकाळची बॅच की स्वतंत्र प्रशिक्षक?

पस्तिशी-चाळिशीत पोहायला शिकलेल्यांची अडचण बहुधा सारखीच असते. पाण्याची भीती गेलेली असते, समोरचा काठ कसाबसा गाठता येतो, पण पंचवीस मीटरमध्येच धाप लागते. शेजारच्या लेनमधले साठीचे गृहस्थ मात्र संथपणे फेऱ्यांवर फेऱ्या मारत असतात. फरक ताकदीचा नसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध साधारण चौपट होतो; त्यामुळे शरीर आडवे आणि सरळ नसेल, तर जोर लावून केवळ दमणूकच पदरी पडते. ठाण्यात राहणाऱ्याला हे तंत्र सुधारण्याचे तीन मार्ग सहज उपलब्ध असतात.

घोडबंदर रोडवरील अनेक गृहसंकुलांत तलाव असतो. तेथे वेगळे शुल्क सहसा नसते, आणि ऑफिसची लोकल गाठायची असली तरी अर्धा तास काढता येतो. मात्र असे तलाव बरेचदा बारा-पंधरा मीटरचेच असतात. भिंतीला पाय लावून झेप घेतली की चार-पाच मीटर तसेच जातात. उरलेल्या अंतरात पाच-सहा हात मारले, दोन-तीनदा श्वास घेतला की समोर भिंत येते. श्वास चुकत असेल तर ती चूक एवढ्या अंतरात उघडच होत नाही. उलट, उथळ पाण्यात उभे राहून श्वासाचा सराव करायला यापेक्षा चांगली जागा नाही.

महापालिकेच्या किंवा क्लबच्या तलावात पूर्ण लांबी मिळते, वेळ ठरलेली असल्यामुळे नियमितपणा राहतो आणि खर्चही आवाक्यात असतो. तरीही एक गोष्ट आधीच समजून घ्यावी: बॅचमधील प्रशिक्षकाचे लक्ष स्वाभाविकपणे बुडण्याची भीती असलेल्यांकडे जाते, आणि ज्याला थोडेफार येते त्याला ‘मारत राहा’ एवढाच सल्ला मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या सुट्टीमुळे लेनमध्ये हात लांब करायलाही जागा उरत नाही. दिवाळीनंतर पाणी गार असते, पण गर्दी ओसरते. निवड करता येत असेल तर पन्नास मीटरपेक्षा पंचवीस मीटरचा तलाव घ्यावा, कारण नवशिक्याची शरीराची ठेवण निम्म्या वाटेत बिघडते आणि उरलेल्या अंतरात तो चुकीचेच पोहणे घोटवत राहतो.

स्वतंत्र प्रशिक्षक सर्वांत महाग पडतो, पण माझ्या मते पहिला पैसा तेथेच घालावा, कारण पोहणाऱ्याला स्वतःचे पोहणे दिसत नाही. श्वासाचेच पाहा. नवशिका पाण्याखाली श्वास कोंडून धरतो आणि तोंड बाहेर आले की त्या क्षणभरात सोडणे आणि घेणे दोन्ही उरकू पाहतो. साहजिकच शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. त्यात हवेसाठी तो डोके उचलतो, डोके वर गेले की कंबर व पाय खाली जातात, आणि पाय वर ठेवण्यासाठी तो जोराने लाथा मारतो. मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू भराभर संपवतात, म्हणजे धाप आणखी वाढते. काठावर उभा असलेला जाणकार ही साखळी दोन फेऱ्यांत ओळखतो. चेहरा पाण्यात असताना नाकातून सतत बुडबुडे सोडायचे आणि श्वास घेताना एक गॉगल पाण्यात, एक बाहेर राहील इतकेच वळायचे, हे ऐकायला सोपे असले तरी कुणी वेळोवेळी टोकल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

प्रशिक्षक पारखणे अवघड नाही. पहिल्या दिवशी तो तुम्हाला आधी पोहायला लावून शांतपणे पाहतो की लगेच किकबोर्ड (हातात धरून फक्त पाय मारण्याची तरंगती फळी) हाती देतो, हे बघावे. पुल बॉय या फोमच्या तरंगत्या ठोकळ्याबाबतही सावध राहावे: तो मांड्यांत धरला की कंबर आपोआप वर येते आणि आपण सुधारलो असा गोड गैरसमज होतो.

म्हणून माझी शिफारस अशी की, प्रशिक्षकाची मोजकी सत्रे घ्यावीत, त्यानंतर आठवड्यातून तीनदा पंचवीस मीटरच्या तलावात सराव करावा आणि सोसायटीचा तलाव श्वासाच्या सरावापुरता ठेवावा. खोल पाण्याची भीती अजून असेल तर मात्र बॅचपासूनच सुरुवात करावी, आणि खांदा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. प्रगती जोखण्यासाठी एका फेरीतले हात मोजावेत: वेळ तोच राहून हात कमी लागू लागले, तर तंत्र सुधारते आहे. पैसे भरण्यापूर्वी, सलग फेऱ्या मारणाऱ्यांसाठी वेगळी लेन त्या वेळेत राखलेली असते का, हे स्वतः जाऊन पाहावे. कारण फलकावरचे वेळापत्रक आणि सकाळी सहाचा तलाव यांत बरेच अंतर असू शकते.