लायसन्स एकाचं, वायरिंग दुसऱ्याचं : जुळे सोलापुरातल्या एका घराची फसवणूक

जुळे सोलापुरातल्या एका घरावर वरचा मजला चढला. त्याची वायरिंग घरच्यांनी स्वतः करायला घेतली नाही की स्वस्तातला माणूसही शोधला नाही. "लायसन्सवालाच पाहिजे" असं सांगून, पॉइंटमागे चार पैसे जास्त कबूल करून त्यांनी काम दिलं. लायसन्सची झेरॉक्स मिळाली, सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट मिळाला, बिलही मिळालं. एवढं करूनही ते फसले. कसे फसले हे नीट सांगायला हवं, कारण अशी फसवणूक प्लास्टरच्या आत बसते आणि ती कळायला उन्हाळा उजाडावा लागतो.

एप्रिलमधला पाण्याचा दिवस होता. तेव्हा चार-पाच दिवसांनी नळ यायचा, म्हणून सकाळी सहालाच हौदावरची एक एचपीची मोटार चालू झाली. बेडरूममधला दीड टनाचा एसी रात्रीपासून चालूच होता आणि स्वयंपाकघरात इंडक्शन शेगडीवर चहा ठेवलेला. अर्ध्या तासात वरच्या मजल्याचा एमसीबी (जास्त वीज जाऊ लागली की आपोआप बंद होणारा स्विच) पडला. उचलला, पुन्हा पडला. असं तीन-चार पाण्याच्या दिवशी झाल्यावर वायरमनला बोलावलं. त्याने बॉक्स उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, एमसीबी कमी पडायलीय, मोठी टाकू या. काय होत नाही ओ." 20 अँपिअरचा एमसीबी काढून 32 चा बसवला, त्याचे वेगळे पैसे घेतले. एमसीबी पडायचा थांबला आणि घरच्यांना वाटलं, काम झालं.

सगळ्या प्रकरणात याच गोष्टीचा राग जास्त येतो. एमसीबी तारेला वाचवायला असतो, तो पडत होता म्हणजे आपलं काम चोख करत होता. मोटारीचे सुमारे 7 अँपिअर, एसीचे 8, दोन हजार वॅटच्या शेगडीचे पावणेनऊ, मिळून जवळपास 24 अँपिअर एकाच सर्किटवर जात होते. मुळात या तिघांना तीन वेगळ्या तारा हव्या होत्या. त्या वाचवल्या, आणि वरून पहारेकरी बदलला. 32 चा एमसीबी 24 अँपिअरला कधीच पडणार नाही. तासाभरात नक्की पडेल असा त्याचा प्रवाह 46 अँपिअरच्या आसपास असतो. म्हणजे तार आधी जळेल आणि एमसीबी नंतर पडेल.

तीन आठवड्यांनी एसीच्या सॉकेटपाशी जळका वास यायला लागला. प्लेट काढली तर सॉकेटची मागची बाजू तपकिरी झालेली, फेजच्या टोकाजवळचं प्लास्टिक चहाच्या गाळासारखं काळपट. स्क्रू बोटाने फिरत होता. तारेचं टोक कापून पाहिलं तर बाहेरून तांब्याचा रंग आणि कापलेल्या जागी आत पांढरं. आतल्या बारीक तारांपैकी एक काडी ब्लेडने खरवडली, तांबं निघून गेलं आणि खाली ॲल्युमिनियम चमकलं.

बिलात "2.5 चौरस मिलिमीटर, शुद्ध कॉपर" असं लिहिलेलं होतं. बाजारातल्या बहुतेक नामांकित 2.5 च्या तारेत 0.3 मिलिमीटरच्या 36 काड्या असतात, 1.5 च्या तारेत 22 आणि 4 च्या तारेत 56. इथे काड्या मोजल्या तर 36 च भरल्या. मोजणारा इथेच फसतो, कारण काडीच 0.25 मिलिमीटरची होती. 36 काड्यांचं क्षेत्रफळ त्यामुळे 1.77 वर आलं. त्यात तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम शुद्ध तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश वीज वाहतं. म्हणजे 2.5 चे पैसे देऊन भिंतीत गेलं ते 1.2 चौरस मिलिमीटर तांब्याइतकं. शिवाय ॲल्युमिनियम तापलं की जास्त फुगतं, गार झालं की आकसतं आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. स्क्रू सैल होतो तो त्यामुळे.

आता त्यात सोलापूरचं ऊन धरा. साध्या पीव्हीसी तारेची कमाल मर्यादा 70 अंश. तिची क्षमता भोवताली 30 अंश धरून दिलेली असते. बाहेर 43 असताना दिवसभर तापलेल्या स्लॅबमधला पाईप सहज 50 अंशांवर जातो आणि तिथे तारेची क्षमता 0.71 पट उरते. 1.2 चौरस मिलिमीटरची ती तार स्लॅबमधून दहा-अकरा अँपिअरच सुरक्षित नेऊ शकत होती. तिच्यावरून दुपटीहून जास्त प्रवाह जात होता.

तार खोटी निघाल्यावर बाकीचंही उघडलं. बिलात "आरसीसीबी, 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअर" होता, म्हणजे वीज अंगातून किंवा जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच. बॉक्समध्ये बसवलेला होता दोन पोलचा 40 अँपिअरचा आयसोलेटर. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. पण आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि 30 मिलिअँपिअरचा आकडा छापलेला असतो. आयसोलेटर म्हणजे नुसता स्विच. शॉक लागला तर तो पडणार नाही, लाकडाचा ठोकळा बसवल्यासारखाच.

आरसीसीबी का नव्हता त्याचं कारण परसात सापडलं. अर्थिंगच्या खड्ड्याचे पैसे वेगळे लावलेले, वर सिमेंटचं झाकण, त्यावर रंगही दिलेला. झाकण उचलून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार हाताने ओढली तर दीड फूट लांबीची सळई वर आली. खाली ना पाईप, ना कोळसा, ना मीठ. मग सॉकेटच्या अर्थच्या भोकात बल्ब पेटून कसा दाखवला होता? बॉक्समध्ये न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या तारेच्या) पट्टीवरून अर्थच्या पट्टीला एक तुकडा जोडला होता. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला की परतीची वाट न्यूट्रलमधून मिळते आणि बल्ब झकास पेटतो. असा तुकडा असताना खरा आरसीसीबी लावला तर तो वारंवार पडू शकतो, म्हणून तो लावायचाच नाही. एक खोटं झाकायला दुसरं खोटं.

यात धोका केवढा, तेही समजून घ्या. खांबावरून येणारी न्यूट्रल वाऱ्याने तुटली किंवा कटआउटला सैल झाली, तर चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून आलेला फेज त्या तुकड्यावाटे फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, सगळ्यांच्या पत्र्यावर येतो. अर्थिंग अजिबात नसलेलं घर यापेक्षा कमी धोक्याचं.

ही तपासणी घरी करता येते. मेन बंद करा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, सगळी उपकरणं सॉकेटमधून काढा. प्रत्येक भोकात टेस्टर लावून वीज नाही याची खात्री करा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थच्या भोकात टोकं घाला. मेन दोन्ही पोल तोडणारा असेल तर मीटर वाजता कामा नये. वाजला, तर जाणकाराला बोलवा. बॉक्स स्वतः उघडू नका, कारण मेन बंद केला तरी त्याच्या येणाऱ्या बाजूला वीज असतेच.

आता लायसन्सचं. झेरॉक्स खरी होती. लायसन्स खऱ्या ठेकेदाराचं होतं आणि टेस्ट रिपोर्टवर त्याचीच सही होती. फक्त तो कधी त्या घरी आलाच नव्हता. काम केलं ते दुसऱ्यानेच, ज्याच्याकडे वायरमनचा परवाना नव्हता. सही तेवढी पैसे देऊन आणली. नियमाप्रमाणे वायरिंगचं काम लायसन्सधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनच्या हातून व्हायला हवं. घरच्यांनी पहिल्याचा कागद पाहिला, उरलेल्या दोघांबद्दल विचारलंच नाही. म्हणून लायसन्सच्या झेरॉक्सवर थांबू नका. मुदत संपलेली नाही ना ते बघा. बिलावरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव एकच आहे का ते बघा. भिंतीत झिऱ्या (तारेच्या पाईपासाठी खाचा) मारणाऱ्या माणसाचा परवाना त्याच्याच फोटोसकट बघायला मागा. शंका आली तर विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन क्रमांक दाखवा. आणि टेस्ट रिपोर्ट आकड्यांसकट मागा : 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) इन्सुलेशन किती मेगाओहम आलं (एकाच्या खाली चालत नाही), अर्थिंगचा रोध किती ओहम आला. घरात मेगर आणि अर्थ टेस्टर आलेलाच नसेल तर रिपोर्टातले आकडे चहाच्या टपरीवर बसून लिहिलेले आहेत.

या अनुभवानंतर "मग आपणच केलेलं बरं" असं त्या घरातल्या मुलाला वाटलं. तेही चुकीचं. नियमानेच घरमालकाला काही कामांची मोकळीक आहे : बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण आहे त्या जागी, लोड न वाढवता बदलणं. ते जरूर करा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघा, मग मेन बंद करून कामाच्या पॉइंटवर लावा, म्हणजे टेस्टरच मेलेला नाही हे कळतं. तारेची काडी एक सेंटिमीटरच्या आत सोला, पीळ द्या, एकही काडी बाहेर राहू देऊ नका. स्विच नेहमी फेजवर हवा, न्यूट्रलवर बसला तर स्विच बंद असूनही होल्डरमध्ये वीज राहते. नवीन सर्किट ओढणं, बॉक्स, अर्थिंग, मोटारीसाठी नवी तार, हे घरी करायचं काम नव्हे. मीटरच्या सीलला तर हात लावायचाच नाही.

तार ठेकेदाराने आणलेली असो की तुम्ही, कॉइल फोडण्याआधी वजन करा. 90 मीटरच्या 2.5 च्या कॉइलमध्ये नुसतं तांबंच दोन किलो असतं, पीव्हीसी धरून वजन अडीच किलोच्या बरंच वर जातं. त्या घरातल्यासारखी कॉइल काट्यावर ठेवली असती तर दीड किलोच्या आसपास भरली असती, आणि किराणा दुकानाच्या काट्यावरही फरक कळला असता. खोक्यावर आयएस 694 (तारेचं भारतीय मानक) आणि त्याखाली सीएम/एल क्रमांक (बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, परवाना क्रमांक) असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर माल परत. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. अर्थिंगचा खड्डा खणताना समोर उभं राहा, अडीच मीटरचा पाईप आत जाताना बघा. आणि किमान पाचवा हिस्सा पैसे मेगरची तपासणी होईपर्यंत हातात ठेवा. त्या घरच्यांनी सगळे पैसे रंगकामाआधीच चुकते केले होते.

पक्कं बिल होतं, हेच त्यांच्या कामी येतंय. कापलेल्या तारेचे तुकडे, आयसोलेटर आणि दीड फुटाची सळई एका पिशवीत भरून तारीख घालून ठेवली आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. घरी न येताच सही केलेल्या रिपोर्टाची तक्रार विद्युत निरीक्षकांकडे वेगळी दिली आहे.

काम पुन्हा करताना बहुतेक ठिकाणी जुन्या तारेला नवी बांधून ओढता आली. दोन भिंती मात्र फोडाव्या लागल्या, कारण 20 मिलिमीटरच्या पाईपात अकरा तारा कोंबल्या होत्या आणि त्या जागच्या हलेनात. एसी आणि शेगडीला प्रत्येकी 4 ची स्वतंत्र तार आणि 20 चा एमसीबी, मोटारीला 2.5 ची तार आणि 16 चा एमसीबी, बॉक्समध्ये खरा आरसीसीबी. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर दर पाण्याच्या दिवशी दोन बादल्या पाणी ओततात, कारण कोरड्या मुरमात चांगलं अर्थिंगही मार्चनंतर कमजोर पडतं. 'टी'चं बटण महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबायचं, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.