मुलांसाठी ११४ मिलीमीटरची दुर्बीण : इंदूरच्या गच्चीवरील चार महिन्यांचा अनुभव

तेरा वर्षांच्या भाचीसाठी आम्ही गेल्या दिवाळीआधी ११४ मिलीमीटर व्यासाच्या आरशाची न्यूटनी पद्धतीची परावर्ती दुर्बीण ऑनलाइन मागवली. ती तिपाई, माउंट (दुर्बीण धरून फिरवणारी बैठक) आणि आयपीस (डोळा लावायची भिंगे) यांसह साडेसोळा हजार रुपयांना पडली. चार महिने इंदूरच्या आमच्या गच्चीवर आणि दोनदा इंदूरजवळच्या देपालपूरकडच्या एका परिचितांच्या शेतावर ती वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. मुलांसाठी दुर्बीण घेऊ पाहणारे बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात तो "किती पट मोठे दिसते?" हाच, आणि विक्रेत्यांनाही तोच प्रश्न सोयीचा असतो.

आमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '६७५ पट' असे छापलेले होते. गणिताने तो आकडा निघतो, हे खरे. आरशाचे नाभीय अंतर, म्हणजे तो प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचे अंतर, ९०० मिलीमीटर; त्याला आयपीसच्या ४ मिलीमीटरने भागले की २२५ पट होतात आणि वर पटी तिप्पट करणारी बार्लो ही भिंगाची नळी लावली की ६७५. परंतु एवढ्या आरशाला त्याच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे सव्वादोनशे पटींच्या पुढे दाखवण्यासारखे काही उरत नाही. चित्र नुसते फुगते, अंधुक होते आणि थरथरते. बार्लो आम्ही पहिल्याच आठवड्यात खोक्यात परत ठेवली. २५ मिलीमीटरच्या आयपीसने मिळणारे ३६ पट आणि १० मिलीमीटरच्या आयपीसने मिळणारे ९० पट यांवर आमचे सर्व निरीक्षण चालते. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटींच्या दुर्बिणीतून, हे सांगितल्यावर भाचीची पटींबद्दलची तक्रार थांबली.

या दुर्बिणीचा सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तिचा इक्वेटोरियल माउंट, आकाशाच्या चालीबरोबर दुर्बीण फिरवता येईल अशी बैठक. सोबतच्या चार पानी पुस्तिकेत त्याविषयी समजेल असे एकही वाक्य नाही. सुरुवातीला भाची ती कॅमेऱ्याच्या तिपाईसारखी वापरत असे आणि ९० पटींवर ग्रह दोन मिनिटांत दृश्यक्षेत्राबाहेर निघून गेला की चिडत असे. गाठ सुटली ती उज्जैनच्या वेधशाळेत. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या या वेधशाळेची १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करवली आणि गो. स. आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले; तेव्हा मराठी माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नाही. तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, तिरपी भिंत क्षितिजाशी उज्जैनच्या अक्षांशाएवढा, सुमारे २३ अंशांचा कोन करून ध्रुवाकडे चढत जाते, म्हणजेच ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. भाची त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मामा, आपल्या दुर्बिणीवरची ती अंशांची चकती याचसाठी आहे ना?" त्याच रात्री तिने चकती इंदूरच्या अक्षांशावर, २२.७ अंशांवर, आणली, अक्ष ध्रुवाकडे रोखला आणि एकच खुंटी हळूहळू फिरवत गुरू वीस मिनिटे दृश्यक्षेत्रात धरून ठेवला. पृथ्वी फिरते हे तिने पाठ्यपुस्तकात कितीदा वाचले होते. त्या रात्री ते तिने बोटांनी अनुभवले.

आता प्रत्यक्ष काय दिसते ते सांगतो. शनीने निराशा केली, पण दोष दुर्बिणीचा नाही: मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली होती आणि या हिवाळ्यातही कडी आपल्याला जवळजवळ काठावरून, एका बारीक रेषेएवढीच दिसत होती. गुरूने मात्र भरपाई केली. तेव्हा पुनर्वसू नक्षत्राजवळ असलेल्या या ग्रहाचे चार चंद्र भाचीने तीन आठवडे वहीत टिपून ठेवले आणि त्यांतला एक दोन दिवसांच्या आतच फेरी पूर्ण करतो, हे स्वतः शोधून काढले. तो आयो हे मी नंतर सांगितले. चंद्रावर तिला हवे होते ते चंद्रयान-३ चे विक्रम हे तिथे उतरलेले यान. २३ ऑगस्ट २०२३ रोजी शाळेत ते उतरतानाचे थेट प्रसारण पाहिल्यापासून तिच्या मनात ते घर करून आहे. दोन मीटर लांबी-रुंदीचे ते यान दिसणे शक्यच नव्हते, कारण हवा अगदी स्थिर असली तरी या आरशाला चंद्रावरचा सुमारे दोन किलोमीटरहून लहान तपशील वेगळा दाखवता येत नाही. हे गणित मी तिलाच करायला लावले. तरीही दक्षिण कडेजवळचे मँझिनस विवर शोधून "इथेच कुठेतरी" म्हणताना तिचा आनंद कमी झालेला दिसला नाही. सराफा बाजाराच्या दिव्यांपासून फार दूर नसलेल्या आमच्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ फिकट डागासारखा भासतो. शेतावरून त्याचे पंख पसरलेले दिसले आणि देवयानी दीर्घिकाही सहज सापडली.

तक्रारी तीनच, पण खऱ्या आहेत. तिपाई हलकी आहे. वाऱ्याची झुळूक आली तरी चित्र डुलते, म्हणून आम्ही पाय पूर्ण आखूड करून मधोमध विटांची पिशवी टांगतो आणि पाटावर बसून पाहतो. आरसे जुळवण्याची किल्ली खोक्यात नव्हती. ती मिळायला विक्रेत्याकडे एकोणीस दिवस पाठपुरावा करावा लागला. तिसरी गंभीर आहे. आयपीसवर बसवायची काळी सौर काच सोबत दिली होती. ती ताबडतोब फोडून टाकावी, कारण एकवटलेल्या उष्णतेने अशी काच तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य पाहायचाच असेल, तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारी प्रमाणित गाळणीच वापरावी.

दहा वर्षांखालच्या मुलासाठी मी ही दुर्बीण सुचवणार नाही. त्याला १० पटींची, ५० मिलीमीटर भिंगांची द्विनेत्री आणि एक तारकानकाशा पुरे. बाराच्या पुढच्या आणि सोबत बसणारे मोठे माणूस असलेल्या मुलासाठी अवश्य घ्यावी, पण दसऱ्यानंतर. माळव्यात पावसाळाभर ती झाकून ठेवावी लागते आणि परत करण्याची मुदत एकही निरभ्र रात्र न मिळता संपून जाते.