१६ ओहमच्या डब्यात ८ ओहमचा डायफ्राम : माझे २७,६०० गेले

बावीस वर्षं साऊंडच्या धंद्यात आहे आणि एका चंदेरी स्टिकरने मला येडा बनवला. लिहायला लाज वाटतेय. पण लग्नसराई तोंडावर आलीय आणि तो शेठ अजून तेच डबे विकतोय.

फलटणच्या सुपारीत माझ्या चार टॉपपैकी (वरच्या स्पीकरपैकी) दोघांचे एचएफ, म्हणजे बारीक आवाजाचे युनिट गेले. आतला डायफ्राम, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा, बदलायचा होता. माझ्याकडे चारही युनिट एका चॅनलवर पॅरलल, प्रत्येकी १६ ओहम, म्हणजे अँपला ४ ओहमचा लोड. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जेवढा कमी तेवढा अँपवर ताण जास्त. माझा अँप त्याच्या खाली चालत नाही. हे मी पोरांना रोज शिकवतो.

पुण्याला बुधवार पेठेत गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, वकिलाने बजावलंय. मला दोनच हवे होते. शेठ म्हणाला, "दोन नवे दोन जुने केले तर आवाज मॅच होणार नाही दादा, चारही टाका." आता यात चूक काय काढणार? २,३५० ला एक, चारचे ९,४००. रोख. पक्कं बिल मागितलं तर १८ टक्के वर, म्हणून म्हटलं राहू द्या. कच्च्या चिठ्ठीवर नुसतं 'डायफ्राम ४ नग'. ओहमचा पत्ता नाही. तुम्ही असं करू नका. बिलावर ओहम लिहून घ्या, चार पैसे जाऊ देत.

तरी मी मीटर लावला होता हो! तिथेच, काउंटरवर. मीटरवर ६.१. म्हटलं, "शेठ, हा आठचा दिसतोय." तो हसला. "दादा, मीटर डीसी दाखवतो. इंपिडन्स वेगळा. कमीच दिसणार."

अर्धं खरं होतं ते. मीटर तारेचा नुसता रोध मोजतो, स्पीकरवरचा ओहमचा आकडा इंपिडन्सचा, म्हणजे वाजतानाच्या अडथळ्याचा. कमी दिसतं, पण किती कमी? आठचा साडेपाच-सहाच्या आसपास, सोळाचा दहा ते बारा. हे मला माहीत होतं. वर पिशवीत माझाच जुना, चालू पीस होता, पेपरात गुंडाळलेला. त्याला मीटर लावायला दहा सेकंद लागली असती. नाही लावला. मागे तीन गिऱ्हाईकं उभी, आणि त्या 'दादा'मध्ये "एवढंही माहीत नाही का" असा सूर. बावीस वर्षांच्या माणसाला अडाणी ठरायचं नव्हतं.

घरी बसवून वाजवले तर आवाज उलट कडक! पोरांना म्हटलं, बघा, नवा माल. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टेजला पॉवर दुप्पट जाते, कडक वाजणार नाही तर काय?

हळदीत साडेआठला अँपचा प्रोटेक्टचा, म्हणजे धोका दाखवणारा लाल दिवा लागला. बंद केला, चालू केला, परत लाल. तिसऱ्यांदा जळका वास आला. २ ओहमवर चॅनल गेला. नुसता बेस धडधडतोय, गाण्याचे शब्दच नाहीत. नवरदेवाच्या मामांनी काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठरलेल्या पैशातून ११,००० कापले. अँपची दुरुस्ती ७,२००. त्यात ते ९,४०० धरा.

मेकॅनिकने डायफ्रामवरचा १६ चा स्टिकर नखाने उचलला. खाली छापलेला ८. चारही तसेच. एकाचा कोपरा तर आधीपासूनच सुटलेला होता. मी तो काउंटरवर अंगठ्याने दाबून बसवला होता!

शेठचं उत्तर : "वापरलेला माल परत नाही. हा माझ्या दुकानातला कशावरून?"

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. पहिला प्रश्न, "डीजेवाले ना तुम्ही?" तक्रार माझी, आणि डेसिबलवर प्रवचन मलाच. शेवटी "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." ग्राहकांसाठीच म्हणून उघडलेल्या एका कार्यालयात गेलो, तर तिथल्या माणसाने चहा संपेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणे, "धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक होत नाही." साफ खोटं! स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा स्वयंरोजगारवाला ग्राहकच, असं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही. हे मला वकिलाला ५०० रुपये देऊन कळलं. पगार घेणाऱ्याला कळायला नको? ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार केली होती, त्यांनी तर आठ दिवसांत मेसेज पाठवला, 'तक्रार निकाली'. कुणी काढली निकाली? मला फोन तरी केला का?

ज्यांच्या टॉपमध्ये पॅसिव्ह क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वाटून देणारं आतलं सर्किट) आहे त्यांनी तर जास्त जपा. १६ च्या जागी ८ बसला की कट, म्हणजे ज्याच्या वरचा आवाज या युनिटला जातो ती हद्द, वर सरकतो, मधला आवाज पोकळ होतो. ८ च्या जागी १६ टाकला तर कट खाली येतो, नको तो जाड आवाज डायफ्रामवर जातो आणि तो फाटतो. डबा फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा. जुना पीस सोबत न्या, आणि नेला तर पिशवीतून बाहेर काढा.

आयोगात तक्रार टाकलीय. चार डायफ्राम, चार स्टिकर डबीत जपून ठेवलेत. तुमच्याकडे चंदेरी स्टिकरचा असा पीस असेल तर नख लावून बघा, आणि खाली ८ निघाला तर मला कळवा.