चेस्टर काउंटीतलं जुनं दगडी फार्महाउस: चौदा महिने राहिल्यानंतर

पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर काउंटीत आम्ही बारा एकरांचं जुनं फार्महाउस घेतलं, त्याला आता चौदा महिने झाले. दोन उन्हाळे आणि एक कडक हिवाळा काढला. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी टाउनहाउसमध्ये अकरा वर्षं राहिल्यावर दगडी घर, तळं आणि घोड्यांचं कुरण अशी जाहिरात दिसली की माणूस विरघळतोच. आम्हीही विरघळलो. अशा घराच्या शोधात असलेल्यांना माझं एकच सांगणं आहे: घर नंतर बघा, आधी तिथलं पाणी बघा. कुठून येतं, कुठे मुरतं, कुठे साचतं. आमचा निम्मा खर्च आणि निम्मी झोप त्यातच गेली.

सुरुवात भिंतींपासून. आसपासच्या शेतातल्या दगडांच्या, जवळजवळ दोन फूट जाडीच्या भिंती. छपराखालच्या त्रिकोणी भिंतीवर वर्ष कोरलंय, १८०६. माळ्यावरचे खिळे चौकोनी, यंत्राने कापलेले. म्हणजे ते वर्षाशी जुळतात. मागच्या स्वयंपाकघरात मात्र गोल तारेचे खिळे निघाले, म्हणजे तो भाग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा किंवा त्यानंतरचा. जाहिरातीत सगळंच 'मूळचं' होतं.

पहिल्याच हिवाळ्यात उत्तरेकडच्या खोलीत गुडघाभर उंचीपर्यंत ओल आली, गिलाव्याचे पोपडे पडले. घर घेताना तपासणी करणाऱ्याने तिथे कोंदट हवेचं कारण दिलं होतं. खरं कारण बाहेर होतं. आधीच्या कुणीतरी त्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. चुना दगडापेक्षा मऊ, तो ओल बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही. मग पाणी दगडातून वाट काढतं, थंडीत गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे निघतात. वाईच्या आमच्या वाड्यात आजोबांनी शेवटपर्यंत सिमेंट लावू दिलं नाही, चुना दळायच्या घाण्याचा दगड अजून परसात पडलाय. ते असं का करायचे हे मला इथे येऊन कळलं.

लँकेस्टरकडच्या एका वयस्कर गवंड्याने मे-जूनमध्ये ती भिंत छिन्नी-हातोडीने मोकळी करून चुन्याने भरली. यंत्र लावलं तर दगडाच्या कडा तुटतात म्हणाला. भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट टांगून ठेवलं, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझ्याकडे. पन्हाळीचं पाणी भिंतीपासून दहा फूट लांब नेलं. आता भिंत पायथ्याशीही हाताला कोरडी लागते.

'ऐतिहासिक' या शब्दाला फार घाबरू नका. देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नाव असलं, तरी स्वतःच्या पैशांनी खिडकी बदलायला तेवढ्यावरून कुणी अडवत नाही. बंधनं येतात ती गावाच्या ऐतिहासिक भागाच्या नियमांमुळे. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. टाउनशिपच्या कचेरीत जाऊन स्वतः विचारा. करसवलत मात्र नीट समजून घ्या. दहा एकर किंवा त्याहून जास्त शेतजमिनीला १९७४ पासूनच्या 'क्लीन अँड ग्रीन' योजनेत कमी कर बसतो, पण जमिनीचा वापर बदललात तर सात वर्षांचा फरक व्याजासकट भरावा लागतो. रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, तपासणी टाळू नका. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त निघाला तर उपाय करा असं सरकार सांगतं, आमच्या तळघरात ११ निघाला. पाइप आणि पंखा बसवून तो प्रश्न सुटला.

खासगी बोअरच्या बांधणीसाठी या राज्यात राज्यभर लागू असे नियम नाहीत, त्यामुळे पाणी तपासून घेणं आपलंच काम. आम्ही जिवाणू आणि नायट्रेट दोन्ही बघून घेतले.

कुरण सात एकर. आमचे स्वतःचे घोडे नाहीत. शेजारच्या बाईंचे दोन आमच्याकडे चरतात आणि मी त्यांच्याकडून शिकतेय. एका घोड्याला दोनेक एकर हवेच, नाहीतर हिवाळ्यात नुसता चिखल. वसंतातलं कोवळं गवत पोटभर चरू दिलं तर खूर सुजून घोडा लंगडा होतो, म्हणून एप्रिलमध्ये तासाच्या हिशेबाने सोडायचं. हिवाळ्यात पाणी गोठलं की घोडा कमी पितो आणि पोट धरतं. गरम राहणाऱ्या बादल्या पहिल्या आठवड्यातच घ्या.

गेल्या ऑगस्टमधल्या वादळाची रात्र मी विसरणार नाही. कुंपणावर लाल मेपलची फांदी पडली. मला वाटलं, दुपारी उचलू. सकाळी साडेसहाला बाईंचा फोन: "आधी घोडे आत घ्या!" लाल मेपलची हिरवी पानं एक वेळ चालतात, सुकायला लागलेली पानं घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मी अनवाणी धावले. फांदीच्या टोकाची पानं मलूल होऊन गुंडाळली होती आणि तांबडी घोडी तिच्यापासून दहा पावलांवर चरत होती. कुंपणालगतची चारही झाडं आम्ही काढली. विकणाऱ्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

लीद ही अडचण असेल असं वाटलं होतं. पण केनेट स्क्वेअर हे मशरूमचं गाव जवळ आहे, अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त मशरूम पेनसिल्व्हेनियात होतात आणि त्यांच्या खताला घोड्याची लीद आणि पेंढा लागतो. आमची नेणारा मिळाला.

तळं सव्वा एकराचं आणि सगळ्यात जास्त लक्ष मागणारं. पहिल्या जुलैत पाण्यावर हिरवा थर आला. कुरणातलं लिदीचं पाणी थेट उतरत होतं. आता घोडे तळ्यापासून कुंपणाने वेगळे आहेत, काठावर तीस फूट रुंद गवताचा पट्टा न कापता ठेवलाय आणि यंदा थर काठापुरताच राहिला. मातीच्या बांधात मस्करॅटने (पाण्याकाठी राहणारा मोठ्या उंदरासारखा प्राणी) बिळं केली होती, त्यातून पाणी झिरपत होतं, ती बुजवली. बांधावर झाडं वाढू देऊ नका, मुळांच्या वाटेने पाणी फुटतं. विम्याचा हप्ता तळं आणि घोडे या दोन्हींमुळे वाढतो, तोही आधीच विचारा.

एवढं करूनही मी हे घर पुन्हा घेईन. फक्त जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघायला जाईन.

तळ्याच्या वरच्या अंगाला झऱ्यावर बांधलेली छोटी दगडी खोली आहे. पूर्वी दूध गार ठेवायला अशा खोल्या बांधत. आई मे महिन्यात पुण्याहून आली होती. तिने पहिल्याच दिवशी आत वाकून पाण्यात हात घातला, काही न बोलता घरात गेली आणि ताकाचं भांडं झाकण लावून त्या कुंडात ठेवून आली. दुपारी तीनला काढलं तेव्हा भांड्यावर बाहेरून दव साचलं होतं. आई होती तोवर ताक रोज तिथेच ठेवलं.