हिवाळी भाजीपाला किट, कोकणातल्या परड्यात वापरून (5 पैकी 3)

नवऱ्याने ऑनलाइन मागवलं, 899 रुपयांना. आम्ही गुहागरकडचे, घरामागे परडं आहे, पाऊस गेला की दरवर्षी भाजी असतेच, त्यामुळे सासूबाईंनी विचारलंच की ह्यात वेगळं काय आहे. पण तोपर्यंत बॉक्स ओटीवर येऊन पडला होता.

आत बियांची 12 पाकिटं, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, निंबोळी पेंड, कडुनिंबाचं तेल, एक छोटं खुरपं आणि एक रंगीत तक्ता.

आधी चांगलं सांगते, बी खरंच चांगलंय. प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, टेस्टची तारीख सगळं छापलेलं, बाजारात सुटं बी घेतो तेव्हा ह्यातलं काही कळत नाही. मुळा बघता बघता वर आला, मेथी पण दाट. धने मात्र अख्खे दिलेत आणि ते हलकेच रगडून दोन फाका करून पेरायचे हे कुठेच लिहिलेलं नाही, नवीन माणूस अख्खेच टाकणार आणि मग कोथिंबीर विरळ आली म्हणून बियांना नावं ठेवणार. भेंडीच्या बियांना गुलाबी औषध चोळलेलं आहे, घरात लहान पोरं असतील तर पाकीट वर ठेवा.

आता तो तक्ता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरा म्हणे! अहो तेव्हा आमच्याकडे गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, शेवाळ हिरवंगार असतं, हस्ताचा पाऊस अजून यायचा असतो, पालेभाजी पेरली तर अर्धी कुजणार आणि उरलेली गोगलगायी खाणार. इथे वाफे करायचे ते दसऱ्याच्या पुढेमागे, ऊन पडून माती जरा मोकळी झाली की. आणि मग ऑक्टोबरचा तो घामट उन्हाळा, त्यात लेट्युस नि ब्रोकोली. लेट्युसचं बी तापलेल्या मातीत रुजतच नाही, ते किनाऱ्यावरच्या माणसाला विकण्यात काय अर्थ आहे मला कळलं नाही. त्याजागी लाल माठ, वाल, चवळी दिली असती तर.

तक्त्यात अजून एक, माती सुधारायला जिप्सम टाका. जिप्सम चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या. आपली जांभ्याची लाल माती पावसाने चुना धुऊन धुऊन आम्लधर्मी झालेली, तिला जिप्समने काही फरक पडत नाही, तिला चुना लागतो, थोडाफार चुलीतल्या राखेनेही भागतं. वर राखेतून पालाश (पोटॅश) मिळतो तो फुकट. शेणखत नि कुजलेला पातेरा भरपूर घालायचा कारण एवढ्या पावसात मातीतला कस उरलेला नसतो.

कोकोपीटबद्दल तर बोलायलाच नको, नारळाच्या बागेत राहून विकतचं कोकोपीट! आम्ही नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, उलटी करून वाफ्यांच्या मध्ये पुरतो, पाणी धरून ठेवतात. पण कुंड्यांना वीट बरी पडली, फक्त दोन पाण्यांनी धुऊन घ्या, क्षार असतात त्यात. कडुनिंबाचं तेल कामाचं निघालं, लिटरला 5 मिली आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी मारायचं, चवळीवरचा मावा आटोक्यात आला. खुरपं पहिल्याच जांभ्याच्या दगडाला वाकलं, ते आता मुलाचं खेळणं आहे. रोपांवर सावलीला नेट वेगळी घ्या असा सल्ला आहे, त्याची काही गरज नाही, नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं टाकली की झालं.

टोमॅटो छान वाढला आणि ऐन फुलात दोन-तीन झाडं हिरवीच्या हिरवी माना टाकून गेली. हा मर रोग, जिवाणूचा, उबदार आम्ल मातीत येतोच, बियांचा दोष धरत नाही, पण मर सहन करणारी जात द्यायला हवी होती. कोकणासाठी काढलेल्या जाती दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या आहेतच की, कोकण तारा कारलं, कोकण भूषण वाल, असल्या. परडं असेल तर थेट तिकडेच चौकशी करा, पैसे वाचतील. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीला मात्र हे किट चालेल, तिथे माझी हरकत नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न वानरांचा. वांगी धरायला लागली की कळप हजर, खातात थोडं नि मोडतात जास्त. त्यावर काही उपाय आहे का असं कंपनीला चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, "कृपया आपला ऑर्डर नंबर सांगा."