'फुकट लॅब्रेडॉर' आणि पिंजऱ्याचं डिपॉझिट

"लॅब्रेडॉर, तीन महिन्यांचा. मालकाची परदेशी बदली. फुकट दत्तक देणे आहे, फक्त घर प्रेमळ हवं." पुण्या-मुंबईच्या ग्रुपांवर अशी जाहिरात फिरत असते, आणि पुष्कळदा तो पैसे उकळण्याचा सापळा असतो. जात नेहमी भारीतली असते: लॅब, गोल्डन, शिह त्झू, नाहीतर पर्शियन मांजर. खऱ्या शेल्टरमध्ये देशी पिल्लांची गर्दी असते, पण देशी पिल्लाच्या नावाने हा सापळा सहसा कोणी लावत नाही.

फोन केला की समोरचा अदबीने बोलतो, पण तुमच्याबद्दल एक अक्षरही विचारत नाही. संशय यायला हवा तो इथे. खरी संस्था प्रश्नांनी भंडावून सोडते. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, मांजरासाठी खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, आधीचा प्राणी कशाने गेला, गावी गेलात तर कोण सांभाळणार. वर ओळखपत्र, फॉर्म, नसबंदीची लेखी हमी आणि कोणीतरी घर बघायला येणार. लोकांना याचा राग येतो, आणि काहीच न विचारणारा लॅब्रेडॉरवाला बरा वाटतो.

पिल्लू मात्र दुसऱ्या शहरात असतं. त्यामुळे आधी प्रवासखर्च, दीड-दोन हजार. ते भरले की विमानाचं चित्र असलेली पावती येते. मग 'एसी पिंजऱ्याचं डिपॉझिट', पिल्लू पोचल्यावर परत मिळणारं. मग विमा. शेवटी निरोप येतो: "पिल्लू विमानतळावर अडकलंय, आज भरले नाहीत तर प्राणी-क्रूरतेची केस तुमच्यावर." सोबत कुईं कुईं करणाऱ्या पिल्लाचा व्हिडिओ. जो प्राणी तुमच्या ताब्यात कधी आलाच नाही, त्याच्या हालांची केस तुमच्यावर कशी होईल? पण आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. काही ठग याच टप्प्यावर 'रिफंडसाठी' क्यूआर कोड पाठवतात. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो. घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही.

पैशांची गोष्ट निघण्याआधी व्हिडिओ कॉल मागा. आधी रेकॉर्ड केलेली क्लिप कॅमेऱ्यासमोर धरण्याची युक्ती जुनी आहे, म्हणून आयत्या वेळी काहीतरी करायला सांगा: डावा कान उचला, वरचा ओठ वर करा. तीन महिन्यांच्या पिल्लाचे सगळे दात दुधाचे असतात, बारीक आणि सुईसारखे टोकदार. पुढचे दात मोठे, रुंद दिसले तर वय चार-पाच महिने किंवा जास्त. फोटो गूगल लेन्समधून शोधला तर पुष्कळदा तो कुठल्यातरी परदेशी पानावर सापडतो.

दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात पिल्लू खरं असतं. विक्रीच्या पिल्लांमधली आजारी पिल्लं 'रेस्क्यू' म्हणून खपवायची आणि 'लसीकरणाचा खर्च' म्हणून चार-पाच हजार घ्यायचे. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांच्या ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. व्यवहाराला दत्तक म्हटलं की हे सगळं टळतं, असा हिशेब.

इथे लसीचं कार्ड नीट बघा. प्रत्येक डोससमोर लसीच्या बाटलीवरचं छोटं लेबल चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नुसत्या पेनाच्या खुणा, सगळ्या तारखा एकाच शाईत, किंवा दीड महिन्याच्या पिल्लाला रेबीजची लस दिल्याची नोंद (ती साधारण तीन महिन्यांना देतात) दिसली, तर दवाखान्यात फोन करून विचारा. नंबर कार्डावरचा घेऊ नका, स्वतः शोधा.

पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा, विषाणूमुळे होणारा आजार. त्याची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात. म्हणून घरी आणताना पिल्लू उड्या मारत असतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या, रक्ताची घाण वासाची शी सुरू होते. तोवर देणाऱ्याचा फोन बंद. ताब्यात घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. शीवरून पार्व्होची किट-टेस्ट काही मिनिटांत होते. मात्र लागण अगदी ताजी असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते. पिल्लू दगावलं तर लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही. आधी शी-घाण पूर्ण धुऊन काढा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात घालून फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या. नंतरही आणायचाच असेल तर लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणा.

चांगल्या संस्थाही कधी कधी लस-नसबंदीचा खर्च घेतात, त्यात गैर काही नाही. पण प्राणी समोर असताना, संस्थेच्या नावाच्या खात्यात, पावती घेऊन द्या.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, चॅट, पावत्या, नंबर जपून ठेवा आणि रागाच्या भरात चॅट उडवू नका. पुढे काही दिवसांनी "तुमचे पैसे मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला, तर तो बहुधा त्याच टोळीचा असतो. तुमचा नंबर त्यांच्याकडे आहेच.