डिसॅबिलिटी पेन्शनच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो त्याचा अनुभव

मी तोफखान्यातला, 24 वर्षं नोकरी करून 2022 ला हवालदार म्हणून घरी आलो. उजव्या कानात कायम शिट्टी वाजते आणि घरात टीव्हीचा आवाज मोठा लागतो म्हणून रोज बोलणी खातो. रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे घरी पाठवण्याआधीच्या लष्करी डॉक्टरांच्या तपासणीत, कानाला 20 टक्के अपंगत्व लिहिले आणि खाली एनएएनए, म्हणजे हा त्रास नोकरीमुळे झालाही नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. असं लिहिलं की डिसॅबिलिटी पेन्शन नाकारतात. इतकी वर्षं तोफेशेजारी उभा राहिलेल्या माणसाच्या कानाबद्दल हे लिहिलंय! बोर्डाच्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही, सही इथे कर म्हणाले, मी केली.

घरी आल्यावर एका एजंटने ही पेन्शन मिळवून देतो म्हणून थकबाकीतले तीस टक्के मागितले. नशीब की गावातल्या एका माजी सुभेदार साहेबांनी मला आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेलं. तिथे मदतीला बसणाऱ्या निवृत्त साहेबांनी एक पैसा घेतला नाही. माझा एएफएमएसएफ 16 फॉर्म, म्हणजे बोर्डाचा अहवाल, टेबलावर पसरला, पेन्सिल घेऊन एकेक पान वाचलं आणि माझ्या पर्सनल स्टेटमेंटवर येऊन थांबले. त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, ती जागा मी कोरी सोडलेली. साहेब म्हणाले, "अरे, इथेच तर लिहायचं होतं, कुठल्या रेंजवर, कुठल्या साली, कोणती तोफ, किती राउंड."

मग त्यांनी नीट समजावलं. भरतीच्या मेडिकलला कान ठीक होते आणि तेव्हा आजाराची काही नोंद नाही, तर नंतर झालेला त्रास नोकरीतलाच मानायचा आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं सुप्रीम कोर्टाने 2013 ला धर्मवीर सिंग यांच्या केसमध्ये सांगितलंय. युनिटमधून गन ड्युटीचं सर्टिफिकेट आणि जुन्या एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) नोंदी मागवल्या आणि पेन्शन नाकारल्याविरुद्ध सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील टाकलं. उत्तर यायला वर्षाच्या वर लागलं पण अपील मंजूर झालं आणि 20 टक्क्यांचे राउंडिंग होऊन, म्हणजे नियमाने वरच्या टप्प्यात धरून, 50 झाले. हिशोब सोपा आहे, 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणजे 50 ला 15 टक्के, 50 हजार पगार असेल तर महिन्याला साडेसात हजार. हे सर्व्हिस पेन्शनच्या वर. बोर्डाने 20 च्या खाली लिहिलं असतं तर हाताला काहीच लागलं नसतं, म्हणून टक्केवारीचा आकडाही नीट बघा.

माझी चूक मी सांगतो, कारण अजून युनिटमध्ये असलेली पोरं तीच करतात. शिट्टी पहिल्यांदा वाजली तेव्हा हवालदारीचं प्रमोशन समोर होतं, मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशनचा कोर्स जाईल म्हणून मी फक्त कानाचे ड्रॉप घेतले आणि गप्प बसलो, ऑडिओमेट्री (कानाची तपासणी) झाली ती आठ वर्षांनी. मधल्या काळाचा कागदच नाही, अपीलमध्ये सगळ्यात जास्त नडलं ते हेच. दुखतंय तर सिक रिपोर्ट करा, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे नोंद करा, आणि इजा झाली की इन्ज्युरी रिपोर्ट त्याच आठवड्यात बनवून घ्या. आणि 21 सप्टेंबर 2023 नंतरच्या केसेसना नवे नियम लागतात, त्यात इम्पेअरमेंट रिलीफ हा नवा प्रकार आलाय, त्यामुळे माझे आकडे तुमच्या केसला जसेच्या तसे लावू नका, आपली निवृत्तीची तारीख सांगून कार्यालयात विचारा.

कार्यालयाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बसायला जागा नाही म्हणून, वीरपत्नी आणि म्हातारे पेन्शनर जिन्यात उभे असतात ते बघवत नाही. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि बोर्डाच्या सगळ्या पानांच्या दोन झेरॉक्स न्या, बोर्डाची कॉपी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज तिथेच लिहून देतात.